तिसरी कोण आली? – शर्यतीच्या छायाचित्रांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मैदानावर आंतरशालेय मैदानी स्पर्धा चालू होत्या. आम्ही तिघे मित्र सकाळपासून सिमेंटच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसलो होतो. तिघेही प्रयोगशाळेत काम करणारे आणि तिघांनाही छायाचित्रणाचा नाद. धावणारी, उड्या मारणारी मुले टिपायला मिळतील हा एक हेतू होताच, पण आणखीही एक निमित्त होते. आमच्यापैकी एकाची बहीण एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तिची एक विद्यार्थिनी मुलींच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत धावणार होती. पहिल्या तिघींना पुढच्या पातळीवरच्या स्पर्धेत जायला मिळणार होते.

एकाच प्रकारचे फोटो तिघांनी कशाला काढायचे, म्हणून आम्ही जागा वाटून घेतल्या. आम्ही अंतिम रेषेच्या अलीकडे साधारण चार मीटरवर बसलो, दुसरा मित्र रेषेच्या पलीकडे तीनेक मीटरवर, आणि तिसरा शर्यत सुटते त्या टोकाला गेला.

शर्यत सुटली आणि बघता बघता संपलीसुद्धा. पहिल्या दोघी स्पष्टपणे पुढे होत्या. तिसऱ्या क्रमांकासाठी मात्र दोघी अगदी एकदमच रेषेवर आल्या. मैदानावर फोटो-फिनिशचा कॅमेरा नव्हता. पंचांनी एकमेकांत बोलून निर्णय दिला आणि आमच्या ओळखीची मुलगी चौथी ठरली. आम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला, तर तीच पुढे दिसत होती, चांगली हातभर पुढे! तेवढ्यात बाई धापा टाकत पायऱ्या चढून आल्या. "दादा, फोटो आहे ना तुमच्याकडे? हरकत नोंदवायला अर्धाच तास आहे. चला लवकर."

आम्ही उठलोच. फोटोच बोलत होता, आता शंका कसली? इतक्यात दुसरा मित्र आपला कॅमेरा घेऊन आला. त्याचा चेहरा पडलेला होता. त्याच्या फोटोत दुसरी मुलगी पुढे होती, आणि तीही चांगली हातभर!

एक शर्यत, दोन फोटो, दोन निकाल. कोणता फोटो घेऊन पंचांकडे जायचे?

दोन्ही फोटो खरे, दोन्ही निकाल खोटे

त्या पायरीवर बसून आम्ही कागदावर जी आकृती काढली, ती आठवी-नववीच्या भूमितीपलीकडची नव्हती. आमची मुलगी सहाव्या लेनमध्ये, म्हणजे आमच्या बाजूला होती. दुसरी मुलगी दुसऱ्या लेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला होती. एका लेनची रुंदी १.२२ मीटर असते, म्हणजे दोघींमध्ये आडवे अंतर ४.८८ मीटर. आमच्यापासून सहावी लेन सुमारे १५ मीटरवर होती आणि आम्ही रेषेच्या ४ मीटर अलीकडे होतो. आता दोघी नेमक्या एकाच क्षणी रेषेवर आल्या असे समजा. आमच्या डोळ्यापासून जवळच्या मुलीपर्यंत एक रेषा काढा आणि ती तशीच पुढे दुसऱ्या लेनपर्यंत वाढवा. समरूप त्रिकोणांवरून, ती दुसऱ्या लेनला अंतिम रेषेच्या पुढे ४ × ४.८८ ÷ १५, म्हणजे सुमारे १.३ मीटरवर मिळते. याचा अर्थ, दूरची मुलगी जवळजवळ सव्वा मीटर पुढे असती, तरच ती आम्हाला बरोबरीने आलेली दिसली असती. मित्र रेषेच्या पलीकडे बसल्यामुळे त्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्याच्या जागेवरून दूरच्या मुलीला सुमारे एक मीटरचा फुकटचा फायदा मिळत होता.

यालाच आपण पराशय म्हणतो. मोजपट्टीवरचे माप तिरपे बघू नये, समोरून बघावे, असे आपण मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो. तीच चूक आम्ही पायऱ्यांवर बसून, महागडी भिंगे लावून केली होती. फोटोत अंतिम रेषाही दिसत होती हे खरे. पण ती जमिनीवर असते, आणि निकाल ठरतो छातीवरून. छाती जमिनीपासून मीटरभर वर. तिरप्या फोटोत छातीची रेषेशी तुलना करता येत नाही.

अडचण जागेची होती, तशीच वेळेचीही. शाळकरी मुलगी अखेरच्या टप्प्यात सेकंदाला सात-आठ मीटर धावते. आमचा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो घेत होता, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये ती दीड मीटर पुढे गेलेली असते. रेषा ओलांडण्याचा नेमका क्षण त्या दोन फोटोंच्या मधल्या फटीत हरवतो.

तेव्हा शर्यतीचा निकाल फोटोवरून द्यायचा असेल, तर कॅमेरा योग्य जागी हवा आणि त्याने योग्य क्षण पकडायला हवा. या दोन अटी पुऱ्या करायला माणसाला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

धागे तोडणारा घोडा

सुरुवात माणसांच्या नव्हे, तर घोड्याच्या धावण्यापासून झाली. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा प्रश्न होता. डोळ्यांना ते दिसणे शक्य नव्हते. कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर आणि घोड्यांचा शौकीन लेलँड स्टॅनफर्ड याने हे काम एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराकडे सोपवले. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या झडपेला बांधलेला धागा धावपट्टीवरून आडवा नेलेला होता. घोडी धावत आली, एकेक धागा तुटत गेला आणि सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या अंतराने बारा छायाचित्रे मिळाली. चारही पाय खरोखरच हवेत असतात, हे सिद्ध झाले. गंमत म्हणजे, चित्रकार दाखवत आले होते तसे पाय पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना!

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबच्या खेळाडूंना बोलावून त्यांचे धावणे, उड्या, कुस्ती अशी छायाचित्रे घेतली. १८८२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्याने असा विचार मांडला, की अटीतटीच्या शर्यतीत विजेता ठरवायला यापुढे छायाचित्राची मदत घ्यावीच लागेल. त्या काळी ही कल्पनाच वाटली असेल.

त्याच १८८२ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. उडणाऱ्या पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला, की सेकंदाला बारा चित्रे मिळत. मायब्रिजच्या बारा कॅमेऱ्यांचे काम आता एकच कॅमेरा करू लागला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मारे यांनी अमेरिकी खेळाडूंची अशी क्रमवार छायाचित्रे घेतली. एकाच ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवणारा आल्विन क्रान्झलाइन त्यांच्यापैकी एक. याच क्रान्झलाइनच्या मागे २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा आलेला धावपटू होता कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. मात्र मारे यांना खेळाडूच्या शरीराची हालचाल समजून घ्यायची होती. कोण जिंकला हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

पंचांच्या मदतीला कॅमेरा

कोण जिंकला, या प्रश्नासाठी ऑलिंपिकमध्ये कॅमेरा वापरात आला तो १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. १५०० मीटरची शर्यत ब्रिटनच्या आर्नल्ड जॅक्सनने जिंकली. त्याच्यामागे एबल किव्हियाट आणि नॉर्मन टेबर हे दोन अमेरिकी धावपटू ३ मिनिटे ५६.९ सेकंद अशा एकाच वेळेत आले. छायाचित्र पाहून दुसरा क्रमांक किव्हियाटला दिला गेला.

परंतु एकच फोटो म्हणजे पुन्हा तीच अडचण, चाप नेमका त्या क्षणी दाबला गेला तर ठीक. त्यावर उपाय म्हणून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 'दोन डोळ्यांचा' कॅमेरा आणण्यात आला. गस्टाव्हस कर्बी या क्रीडासंघटकाच्या नावाने तो ओळखला जाई. त्याचा एक डोळा अंतिम रेषेवर आणि दुसरा घड्याळावर असे, आणि चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला १२८ चित्रे उमटत. प्रत्येक चित्रात धावपटू आणि वेळ दोन्ही!

या कॅमेऱ्याला कामही लगेच मिळाले. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये एडी टोलन आणि राल्फ मेटकाफ यांच्यात डोळ्यांना फरक दिसेना. हातातल्या घड्याळांनी दोघांनाही १०.३ सेकंद दिले. फीत तपासल्यावर सुवर्णपदक टोलनला मिळाले. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तर पदक दिल्यानंतर निकाल फिरला. तिसरा क्रमांक अमेरिकेच्या जॅक केलरला जाहीर झाला होता. फितीत मात्र ब्रिटनचा डोनाल्ड फिन्ले पुढे दिसला. हे कळल्यावर केलर ऑलिंपिक ग्राममध्ये फिन्लेला शोधत गेला आणि त्याने ते कांस्यपदक स्वतःच्या हाताने त्याला देऊन टाकले. फोटो कितीही चांगला असला, तरी तो मान्य करायला माणूस मोठा असावा लागतो, हे या प्रसंगातून मुलांना सांगण्यासारखे आहे.

सेकंदाला १२८ चित्रे पुरेशी होती का? दहा मीटर प्रतिसेकंद वेगाने धावणारा माणूस दोन चित्रांच्या मध्ये जवळजवळ ८ सेंटीमीटर पुढे जातो. म्हणजे फट अरुंद झाली, पण बुजली नाही. चित्रांची संख्या कितीही वाढवली, तरी प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये थोडा अंधार उरणारच. यातून सुटायचे, तर कॅमेऱ्याची कल्पनाच बदलायला हवी होती.

फटीतून दिसणारी शर्यत

ती कल्पना पुन्हा एकदा घोड्यांच्या शर्यतीतून आली. तिथे पैशांचा प्रश्न असल्याने निकालाची निकड अधिक. १९३७ मध्ये लोरेंझो डेल रिचिओ या चित्रपट कंपनीतल्या प्रकाशिकी-तंत्रज्ञाने कॅलिफोर्नियातील डेल मार येथे नव्या तऱ्हेचा कॅमेरा वापरात आणला. या कॅमेऱ्याला उघडझाप करणारी झडप नव्हती. फिल्मच्या पुढे फक्त एक अरुंद उभी फट होती. कॅमेरा अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत, उंचावर असा बसवायचा, की फटीतून केवळ ती रेषाच दिसेल. फटीमागून फिल्म अखंड सरकत राहते. रेषेवर काही नसेल, तर फिल्मवर रेषेचीच पांढरी पट्टी उमटत राहते. घोड्याचे नाक रेषेवर आले, की नाक उमटते. मग डोके, मान, पाठ आणि शेवटी शेपूट. पुढचा घोडा त्यानंतर.

हे चित्र वाचताना मन थोडे बदलावे लागते. नेहमीचा फोटो एका क्षणी अनेक जागा दाखवतो. फटीचा फोटो अनेक क्षणी एकच जागा दाखवतो. त्यात डावी-उजवीकडचे अंतर हे अंतर नसतेच, तो काळ असतो. दोन धावपटूंमध्ये चित्रात दिसणारी मोकळी जागा म्हणजे एकामागून दुसरा किती वेळाने आला, ते माप. म्हणूनच चित्राच्या कडेला सेकंदांच्या खुणा घालता येतात, आणि एक उभी रेघ सरकवत नेऊन छातीला टेकवली, की वेळ वाचता येते.

अशा चित्रांत गमतीही होतात. ज्या धावपटूचे पाऊल नेमके रेषेवर टेकते, ते पाऊल क्षणभर स्थिर असते. फिल्म मात्र सरकत असते. त्यामुळे तो बूट लांबच लांब, होडीसारखा दिसतो. फिल्मच्या वेगापेक्षा हळू जाणारा धावपटू लठ्ठ दिसतो आणि वेगाने जाणारा काटकुळा. पण क्रमात चूक होत नाही, कारण जो आधी रेषेवर आला, तो आधीच उमटणार. या एका युक्तीने जागेचा आणि क्षणाचा असे दोन्ही प्रश्न सुटले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा फटीचा कॅमेरा मैदानी स्पर्धांसाठी वापरला गेला. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या बार्नी यूएलला आपणच जिंकलो असे वाटले आणि तो आनंदाने नाचू लागला. छायाचित्र आले तेव्हा कडेच्या लेनमधला हॅरिसन डिलार्ड पुढे होता. डिलार्ड मूळचा अडथळ्यांच्या शर्यतीतला अव्वल धावपटू, पण त्या शर्यतीसाठी अमेरिकी संघात त्याची निवडच होऊ शकली नव्हती. याच स्पर्धेत ४ × १०० मीटर रिले शर्यतीत बॅटन हद्दीबाहेर दिल्याबद्दल अमेरिकी संघ बाद ठरवला गेला. नंतर शर्यतीचा चित्रपट पाहून तो निर्णय बदलण्यात आला. येथे काम आला तो साधा चित्रपटच, कारण प्रश्न 'केव्हा' हा नव्हता, 'कुठे' हा होता. फटीच्या कॅमेऱ्याला बॅटन कुठे दिले हे सांगताच आले नसते. प्रश्न कोणता, त्यावर साधन ठरते.

चार वर्षांनी हेलसिंकीला १०० मीटरमध्ये पहिल्या चौघांना हाताच्या घड्याळांनी एकच वेळ दिली, १०.४ सेकंद. अमेरिकेच्या लिंडी रेमिजिनोला वाटले, की जमैकाचा हर्ब मॅकेन्ली जिंकला, आणि तो त्याचे अभिनंदन करायला गेला. छायाचित्राने सुवर्णपदक रेमिजिनोलाच दिले. यूएलला जिंकलो असे वाटले आणि तो हरला. रेमिजिनोला हरलो असे वाटले आणि तो जिंकला. प्रत्यक्ष धावणाऱ्यालाही जे कळत नाही, ते पायऱ्यांवर बसलेल्या आपल्याला कळते असे आपण किती खात्रीने समजतो!

शतांश सेकंदाचे दुःख

भारतीयांच्या मनात दोन शर्यती कायमच्या कोरल्या गेल्या आहेत. पहिली ६ सप्टेंबर १९६० ची, रोम ऑलिंपिकमधली ४०० मीटर. त्या एकाच शर्यतीत दोन ठिकाणी छायाचित्राची गरज लागली. पहिल्या क्रमांकासाठी अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन या दोघांचीही वेळ ४४.९ सेकंद होती. कॉफमनने रेषेवर अंग झोकून दिले. त्याचे डोके पुढे होते, पण नियम डोक्याचा नाही, धडाचा आहे. सुवर्ण डेव्हिसला मिळाले. तिसऱ्या क्रमांकासाठी दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स आणि आपला मिल्खासिंग. हाताच्या घड्याळाने स्पेन्स ४५.५, मिल्खा ४५.६, विजेच्या घड्याळाने ४५.६० आणि ४५.७३. पहिल्या निम्म्या शर्यतीत आघाडीवर असताना आपण वेग थोडा आवरला, ही खंत मिल्खासिंग यांनी २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अनेकदा बोलून दाखवली.

दुसरी शर्यत ८ ऑगस्ट १९८४ ची, लॉस एंजेलिसची. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी सुरू झाली. तिसरी आली रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू, ५५.४१ सेकंदांत. चौथी पी. टी. उषा, ५५.४२. फरक एक शतांश सेकंद. ४०० मीटरला ५५.४२ सेकंद म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर. त्या वेगाने एका शतांश सेकंदात कापले जाणारे अंतर सुमारे ७ सेंटीमीटर. आता आमच्या आकृतीकडे वळा. आमच्या जागेवरून केवळ तिरकेपणामुळे १.३ मीटरची चूक होत होती. चूक ७ सेंटीमीटरच्या आत ठेवायची, तर आम्हाला रेषेच्या सरळ रेषेपासून जास्तीत जास्त २१ सेंटीमीटर सरकून बसायची मुभा होती, म्हणजे जेमतेम एक वीत. एवढ्या मोठ्या मैदानात तिसरी कोण आली हे बरोबर दिसणारी जागा एका माणसापुरतीच!

हाताच्या घड्याळांचाही येथे उल्लेख करायला हवा. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बोट हलायला थोडा वेळ जातो. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असल्यामुळे घड्याळ वेळेवर बंद होते. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. १०० आणि २०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरतात. आवाज ऐकून घड्याळ सुरू केले, तर आणखी घोटाळा, कारण १०० मीटर यायला आवाजाला सुमारे ०.३ सेकंद लागतात. १ जानेवारी १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींतील जागतिक विक्रमांसाठी पूर्णपणे स्वयंचलित वेळमापनच ग्राह्य धरले जाऊ लागले. १९९० च्या दशकात फिल्मची जागा प्रकाशसंवेदी बिंदूंच्या उभ्या ओळीने घेतली. फिल्म धुण्याची वाट पाहणे संपले, तत्त्व मात्र तेच राहिले.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेला २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळाले. तो ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला, तर केनियाचा एब्राहम किबिवोट ८:११.१५ मध्ये. आठ मिनिटे धावून फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा! आणि ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचीही नोंद ९.७९ सेकंद अशी झाली. सहस्रांशापर्यंत पाहिल्यावर लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. फरक पाच-सहा सेंटीमीटरचा. शर्यत संपल्यावर लाइल्सलाही थॉम्पसनच जिंकला असे वाटले होते. थॉम्पसनचे पाऊल आधी रेषेपलीकडे गेलेही होते, पण धड लाइल्सचे पुढे होते. तिथला कॅमेरा सेकंदाला ४०,००० उभ्या रेघा टिपत होता.

जिथे कॅमेराही थांबतो

म्हणजे आता चूक होणे अशक्य, असे मात्र समजू नये. जून २०१२ मध्ये अमेरिकेत युजीन येथे ऑलिंपिक निवड चाचणीत महिलांच्या १०० मीटरमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी जेनेबा टार्मो आणि ॲलिसन फेलिक्स एकत्र आल्या. कॅमेरा सेकंदाला ३,००० रेघा टिपत होता. आधी टार्मो सहस्रांश सेकंदाने पुढे असल्याचे जाहीर झाले. पण चित्रात तिच्या धडाची पुढची कड हाताआड गेली होती; ती कुठे असेल याचा अंदाज करावा लागला होता. पुन्हा तपासल्यावर पंचांनी दोघींनाही ११.०६८ सेकंद देऊन बरोबरीत ठरवले. दोघींनी पुन्हा धावावे असे ठरले, पण अखेर टार्मोने माघार घेतली आणि फेलिक्स संघात गेली.

येथे कॅमेरा कमी पडला नाही, व्याख्या कमी पडली. नियम सांगतो, की डोके, मान, हात, पाय सोडून धडाचा कोणताही भाग रेषेच्या अलीकडच्या कडेवर उभ्या असलेल्या पातळीला टेकला, की शर्यत संपली. पण धड कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो? उपकरणाची अचूकता मिलिमीटरची असेल आणि ज्या वस्तूचे माप घ्यायचे तिचीच कड सेंटीमीटरभर संदिग्ध असेल, तर अधिक बारीक मोजून काही हाती लागत नाही. प्रयोगशाळेत आम्हाला हा धडा वारंवार मिळतो. अशा वेळी 'बरोबरी' हे प्रामाणिक उत्तर असते.

शाळेच्या मैदानावर

ही सगळी गोष्ट शाळेत प्रत्यक्ष करून दाखवता येते, आणि खर्चही नाही.

पहिला प्रयोग. मैदानावर फक्कीची एक रेघ मारा. तिच्यावर आठ मीटर अंतराने दोन मुलांना उभे करा. रेघेच्या सरळ रेषेत, जवळच्या मुलापासून वीस मीटरवर तिसऱ्याला उभे करा. त्याला एका मुलामागे दुसरा पूर्ण झाकलेला दिसेल. आता त्याला एकेक पाऊल बाजूला सरकायला सांगा. दूरच्या मुलाला पुढेमागे सरकवून दोघे पुन्हा एका रेषेत दिसेपर्यंत थांबा. दूरचा मुलगा किती सरकला ते टेपने मोजा आणि समरूप त्रिकोणांच्या गणिताशी ताडून पाहा. पाच मीटर सरकल्यास दूरच्या मुलाला दोन मीटर हलावे लागेल.

दुसरा प्रयोग. जाड कागदाला दोन मिलिमीटर रुंदीची उभी फट पाडा. कागदाच्या पट्टीवर धावणाऱ्या माणसाचे चित्र काढून ती फटीमागून हळू, मग भरभर ओढा. फटीच्या कॅमेऱ्याला काय दिसते ते कळेल. शाळेत स्कॅनर असेल, तर स्कॅन चालू असताना काचेवर पट्टी सरकवा. पट्टी वाकडी, ताणलेली किंवा आखडलेली उमटेल, कारण स्कॅनरही चित्र एकेक रेघ करूनच वाचतो.

तिसरी गोष्ट प्रयोगापेक्षा सोय आहे. शाळेच्या क्रीडादिनी अंतिम रेषेच्या दोन्ही टोकांना, रेषेच्या वाढवलेल्या भागावर, एकेक काठी रोवा. ज्या ठिकाणाहून एक काठी दुसरीमागे पूर्ण लपते, तीच पंचाची जागा. तिथे, लेनपासून पाचेक मीटर मागे, टेबल ठेवून त्यावर मोबाइल घट्ट बसवा आणि संथगतीचे चित्रण चालू ठेवा. मोबाइल सेकंदाला २४० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांच्या मध्ये मूल साधारण ३ सेंटीमीटर पुढे जाते. १९३२ च्या ऑलिंपिक कॅमेऱ्यापेक्षा हे बरे साधन आहे!

आता त्या दिवशीचे सांगायचे राहिले. आम्ही पंचांकडे गेलो नाही. मित्राचा फोटो लपवून फक्त आमचा पुढे करणे शक्य होते, आणि क्षणभर तो विचार मनात आला नाही असेही नाही. बाईंना आकृती काढून दाखवली. त्यांना ती पटली, पण त्या खूश झाल्या नाहीत. होण्याचे कारणही नव्हते. मुलगी बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "म्हणजे मी चौथीच आले का?"

आम्ही म्हणालो, "ते आमच्या फोटोवरून सांगता येत नाही. पंच आमच्यापेक्षा चांगल्या जागी होते, एवढेच सांगता येते."

तिने दोन्ही फोटो पुन्हा एकदा नीट पाहिले. मग म्हणाली, "त्या जागेवर एक कॅमेरा ठेवायला काय हरकत होती?"

तिचा प्रश्न बाईंनी मनावर घेतला. पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेच्या क्रीडादिनी अंतिम रेषेच्या दोन्ही टोकांना दोन काठ्या रोवलेल्या होत्या, आणि टेबलावरचा मोबाइल बरोबर सरळ रेषेत आहे का, हे एक डोळा मिटून तपासत तीच मुलगी उभी होती.